चपलांचा एक किलो

चपला बाहेर काढल्यात ना? मग या आत. मी दवाखान्यातला वजनकाटा बोलतोय. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे मला मित्र कमी.

माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. माझ्यावर चढताना जो तो पोट आत ओढून धरतो. अरे बाबांनो, आत गेलेलं पोटही माझ्यावरच उभं असतं!

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही घाईत. बाकी सगळा कारभार नर्सताईंचा. त्यांच्या आधीच्या दवाखान्यात लोक चपला घालूनच वजन करत. त्या सवयीनं मी काहीही दाखवलं तरी ताई ‘चपलांचा एक किलो’ वजा करूनच वहीत लिहीत. तीस वर्षं! मी आपला मूग गिळून गप्प.

मग देशातलं सगळ्यांत सरासरी गाव शोधायची टूम निघाली. घरटी माणसं, वय, शिक्षण, सगळ्यात आमचं गाव बरोब्बर मध्ये बसलं. ताईंच्या वहीतली वजनंही तंतोतंत जुळली. गावाला किताब मिळाला आणि त्यासोबत वचनही, की बंद पडू घातलेला दवाखाना आता चालू राहील. ‘आम्ही अगदी मध्यम!’ म्हणत लोक छाती फुगवून फिरू लागले. शिंपीकाकांनी तर दुकानावर पाटीच लावली, ‘येथे सरासरी मापाचे कपडे मिळतील.’

थोड्याच दिवसांत किताब देणाऱ्या सरकारी कचेरीचं पत्र आलं. महिन्याभरानं साहेब फेरतपासणीला येणार होते, आणि वजन कसं घेता ते त्यांना आधी लेखी हवं होतं. ताई लिहायला बसल्या.

‘एक. रुग्णाने दाराबाहेर चपला काढाव्यात. दोन. काट्यावर उभे राहावे. तीन. चपलांचा एक किलो...’

पेन थांबलं. ताईंनी दाराबाहेरच्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं.

"काका, तुम्ही तरी सांगायचंत!" त्या समोर बसलेल्या शिंपीकाकांना म्हणाल्या.

"काय सांगणार, ताई? किलोभर कमी ऐकून बरं वाटायचं हो. सगळ्यांनाच माहीत होतं."

आता खरोखरचा एक किलो उतरवायचा, नाहीतर दवाखाना गेला. गावानं ठरवलं, महिन्यात माणशी एक किलो. लोक चालू लागले, उगाच जिने चढू लागले, एकमेकांच्या ताटावर नजर ठेवू लागले. बाकीचे लबाडी करणार याची प्रत्येकाला खात्री होती, म्हणून प्रत्येकानं गुपचूप दोन किलो उतरवले.

साहेब आले. मला तपासून म्हणाले, "काटा चोख आहे." माझ्याबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मग गाव अनवाणी रांगेत उभं राहिलं, आणि सरासरी किलोभर कमी भरली.

"चपला घालून बघू या का?" शिंपीकाका कुजबुजले.

"नको," ताई म्हणाल्या. "तीस वर्षं चुकून झालं. आता मुद्दाम नको." आणि त्यांनी साहेबांना सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "किताब काढून घ्यावा लागेल," ते म्हणाले. "दवाखान्यासाठी अख्खं गाव उपाशी राहतं, ते सरासरी कसलं? पण दवाखाना चालू ठेवा असं मी लिहितो."

दवाखाना राहिला. उतरलेले दोन किलो मात्र पंधरा दिवसांत परत आले, ते मीच पाहिले.

काल ताई निवृत्त झाल्या. जाताना पहिल्यांदाच माझ्यावर चढल्या, तेही अनवाणी. अख्खी रांग एका सुरात ओरडली, "चपलांचा एक किलो वजा!" ताई हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या.

उद्या नवा काटा येतोय, मी अडगळीत जाईन. जाता जाता एक कबुली देतो. काल मी सुई एक किलो अलीकडेच थांबवली. जन्मभरात तेवढंच एक खोटं बोललो, तेवढं माफ करा.