शेपटीला फुटलेले पाय

प्रयोगशाळेतला शिपाई धनेश्वर बेहेरा याने सांभाळलेले बेडूकमासे सहसा मरत नसत, अशी भुवनेश्वरच्या त्या कॉलेजात त्याची ख्याती. म्हणूनच संशोधक विद्यार्थिनी इतिश्रीच्या एकाच बरणीतले पटापट मरतात, हे कुणाच्या गळी उतरेना.

इतिश्रीचं संशोधन याच बेडूकमाशांवर. शेपूट छाटून त्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं, की शेपटीच्या जागी पाय फुटू शकतात, हे जुनंच. दुसऱ्या बरणीत ती त्या जीवनसत्त्वाला अडवणारं औषधही घालायची. तिथे शेपूटच यायला हवी, आणि यायचीही. पण नुसत्या जीवनसत्त्वाच्या पहिल्या बरणीत मरून उरलेल्यांनाही शेपट्याच. पायच नाहीत, तर अडवलं काय? तीन खेपा फुकट गेल्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “आणखी एकदाच. नाहीतर विषय बदल.” चार वर्षं पाण्यात जाणार होती.

त्या दुपारी ती पखाळाचा, म्हणजे पाणीभाताचा, डबा पुढ्यात घेऊन रडली. धनेश्वर जवळ आला. तो तिला मायेने ‘मा’ म्हणायचा, ती त्याला ‘भाइना’, म्हणजे दादा.

“मा, ते मेले नव्हते.”

“म्हणजे?”

“शेपटीवर तंगड्या असलेली भुतं निघाली. म्हटलं, सरांनी पाहिली तर पोरीवर खापर फुटेल. सकाळी लवकर येऊन मागच्या तळ्यात सोडली.”

शिव्या द्याव्यात की पाया पडावं, हे न कळून इतिश्री हसत सुटली.

“अहो भाइना, तीच भुतं मला हवी होती! पेशीत सगळ्या अवयवांच्या कृतींची वही असते. तिच्यावर कारभारी बसलेला. जीवनसत्त्व त्याच्या हाती पडलं, की तो पायाचं पान उघडतो. माझं औषध आधीच त्याचे हात अडकवतं.”

“मग शेपूट चुकत नाही?”

“मुळीच नाही. हुकूम मिळाला, पाळला.”

प्रयोग पुन्हा लावल्यावर महिन्याभराने धनेश्वरने भिंगातून पाहिलं. शेपटीच्या थोटकावर इवलासा पाय, गुडघ्यासकट! एवढ्याशा जीवनसत्त्वाचं शेपटीने ऐकलं. त्याचा मुलगा बापाचं कधी इतकं ऐकत नव्हता.

सरांनी भिंगाला डोळा लावला. “मग आधीच्या खेपांत का नाही दिसले?”

इतिश्री बरणीचं झाकण पुसू लागली. ती सांगणार नाही, हे धनेश्वरला कळलं.

“मी तळ्यात सोडले, सर. नोकरी घ्या हवं तर, पण हिचा प्रयोग खोटा म्हणू नका.”

सरांनी भिंगावरून डोळा हलवला नाही.

“धनेश्वर, गप्प बस जरा. मला बोटं मोजू दे.”