शहाणी पोर

हातात शिवायच्या कपड्यांचं गाठोडं होतं, म्हणून तिने गाडीचं मागचं दार कमरेने ढकलून लावलं आणि खांद्याशी दाबून धरलेल्या फोनवर बोलत राहिली. कोटाची बाही आखूड झाली होती, गिऱ्हाईक तापलं होतं. त्याची समजूत काढून ती वळली, तर मुलगी अजून गाडीला खेटून उभी. चेहरा पांढराफटक.

"चल ना. काय झालं?"

मुलीने नुसतं दाराकडे पाहिलं. तिची दोन बोटं दारात अडकली होती.

गाठोडं चिखलात पडलं. तिने दार ओढून उघडलं. बोटं काळीनिळी झाली होती, नखाखालून रक्त येत होतं.

"अगं, ओरडायचं नाही का? हाक तरी मारायची."

"तुम्ही फोनवर होतात," मुलगी म्हणाली. "मी थांबले."

सहा वर्षांची ही पोर उन्हाळ्यात अनाथालयातून तिच्या आणि नवऱ्याच्या घरी दत्तक आली होती. तेव्हापासून ना हट्ट, ना रुसवा. किती शहाणी, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि ऐकताना आईला मूठभर मांस चढे.

दवाखान्यात डॉक्टर टाका घालायला लागल्या, तेव्हा मुलीने आपणहून हात पुढे केला.

"दुखलं की रडायचं हं, बाळा."

मुलीने आईकडे पाहिलं.

"नको. त्या आधीच्या आईचं डोकं दुखायचं," ती समजावल्यासारखी म्हणाली. "मग त्यांनी मला परत नेऊन ठेवलं."

आधीची आई? हे दत्तक देताना कुणीच सांगितलं नव्हतं. आजवर आपण कौतुक कशाचं करत होतो, ते आईला आत्ता कळलं.

त्यानंतर तिने शहाणी हा शब्द घरात उच्चारला नाही. दुसरं काय करावं, तिला सुचत नव्हतं. रोज निजताना ती मुलीच्या उशाशी बसायची, एवढंच.

थंडी पडली. एका सकाळी लोकरीचा मोजा टोचतो म्हणून मुलीने तो भिरकावला. आईने दुसरा पुढे केला, तर तिने दुधाचा पेला भिंतीवर आपटला.

"नको म्हटलं ना! तू घाणेरडी आहेस! तू जा!"

गालाला साबण लागलेला नवरा न्हाणीघरातून धावत आला, आणि दारातच थिजला. मुलगी जमिनीवर पाय आपटत गळा काढून रडत होती.

"हे काय चाललंय?"

त्याने दटावायला बोट उचललं. आईने त्याचं मनगट धरलं.

"रडू दे," ती म्हणाली, आणि सांडलेल्या दुधातच मुलीशेजारी बसली.