गिरजाच्या हाती राजदूत

"बंडी हाये समोर, बंडी," गिरजा मागून ओरडली आणि तिनं नवऱ्याचा खांदा गच्च धरला.

डोमानं करकचून ब्रेक दाबला. राजदूत फटफटी कडेच्या मुरमात घसरली, पण पडली नाही. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या डब्यांत ओल्या गोणपाटाखालचे रोहू दणकन आदळले. भाताच्या तणसानं लादलेली बैलबंडी आपल्या चालीनं निघून गेली. चांगलं उजाडलेलं होतं, मूलहून चंद्रपूरला जाणारा रस्ता सरळ होता, आणि एवढा मोठा तणसाचा ढीग डोमाला दिसला नव्हता.

"धूळ गेली डोळ्यात," तो म्हणाला.

"कधीपासून जाऊन राह्यली हे धूळ?"

गाडी पुन्हा रस्त्यावर घेताना डोमा हळूच म्हणाला, "दिवाळीपासून."

त्या दिवशी मासे विकून झाल्यावर गिरजानं त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकली तर टिकेल. गाडी मात्र आजपासून बंद. त्या दिवशी दोघं बसनं गावी आली. राजदूत दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दूधवाल्यानं आणून दिली.

ही राजदूत डोमानं एका तेंदूपत्त्याच्या मुनशीकडून जुनी घेतली, तेव्हा गावात दुसरी फटफटी नव्हती. त्याआधी तलावावरचे मासे कावडीनं रस्त्यापर्यंत न्यायचे आणि बसची वाट पाहायची. वास येतो म्हणून कंडक्टर टोपली चढवू देत नसे. दुपारपर्यंत मासे मऊ पडत आणि मागेल त्याला मागेल त्या भावात द्यावे लागत. राजदूत आली आणि चित्र पालटलं. ती मासे न्यायची, परतताना खताचं पोतं आणायची, एकदा तर बाळंतपणात अडलेल्या शेजारच्या बायनाबाईला तिनं मूलच्या दवाखान्यात वेळेत पोचवलं होतं. बिघडली तर झाडाखाली प्लग काढून घासला की पुन्हा सुरू. तिचा फटफट आवाज केळझरच्या वळणावर आला की बाया मासे घ्यायला गंज-पातेली घेऊन रस्त्यावर येत. डोमाला कधी आरोळी द्यावी लागली नाही. त्याचं पाहून दूधवाल्यांनी राजदूत घेतल्या, मग मास्तरांनी.

दवाखान्याची गोष्ट ऐकून मासळीचा व्यापारी सोमाजी घरी आला. तो स्वतः आता नव्या, आवाज न करणाऱ्या गाडीवर फिरत होता.

"भाऊ, तुमची फटफटी मले द्या. मासे मी तलावावरूनच उचलतो. तुमाले झंझटच नाई."

"भाव कोन ठरवन?" गिरजानं विचारलं.

"बाजार पाहून मीच ठरवीन ना बाई."

डोमा खाली मान घालून बसला होता. 'हो' त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं.

"गाडी विकाची नाई," ती म्हणाली.

सोमाजी गेल्यावर डोमा म्हणाला, "मंग चालवन कोन?"

"मी."

डोमा हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच हसला. ती हसत नाही हे कळल्यावर थांबला.

तलावाचं पाणी उतरून एका अंगाला कोरडी जमीन उघडी पडली होती. तिथं शिकवणी सुरू झाली. गिरजानं लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, पायांत डोमाचे बूट चढवले. पहिली किक उलटी बसली आणि नडगी सुजली. सायलेन्सरला पोटरी लागून भाजली. डोमा तलावाच्या पाळीवर, बांधावर उभा राहून कान देऊन ऐकायचा.

"आवाज रडून राह्यला तिचा. गिअर खाली घे. क्लच एकदम नोको सोडू. नव्या गोऱ्ह्याचं दावं सोडतेस, तसा सोड."

तिथंच बसलेला गावातला मासेमार सुकलू जाळं विणता विणता म्हणाला, "वयनी, हे बाईचं काम नोहे."

"मासे विकनं कोनाचं काम होय?"

"थे तं बाईचंच."

"मंग हे त्याच्यातलंच होय," गिरजा म्हणाली आणि किक मारली.

महाशिवरात्र झाल्यावर एका सकाळी ती भरल्या डब्यांसकट चंद्रपूरच्या रस्त्याला लागली. मागं डोमा. केळझरच्या बाया आवाज ऐकून नेहमीसारख्या बाहेर आल्या आणि गंज हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग एकीनं मरळ मागितली, दुसरीनं भाव केला, आणि रोजचा धंदा सुरू झाला.

मासळी बाजारात सोमाजीनं गाठलंच. "काऊन भाऊ, बाईच्या मांगं बसून राह्यले?"

आजूबाजूचे दोघं-चौघं थांबले. गिरजाचा हात तराजूवर तसाच राहिला.

"इतके वर्षं थे माह्या मांगं बसली," डोमा शांतपणे म्हणाला. "आता माही पारी. तू बाजूले हो, गिऱ्हाईक उभं हाये."

परतताना डबे रिकामे होते, गाडी हलकी पळत होती. लोहारा मागं पडलं आणि जंगल सुरू झालं.

"पळस फुलला असन ना?" डोमानं मागून विचारलं.

गिरजानं पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लालभडक पेटला होता, अगदी हात लांबवला तर लागेल इतका जवळ.

"फुलला ना," ती म्हणाली, आणि तिच्या नकळत गाडी मंदावली.

डोमानं ते आवाजावरूनच ओळखलं.

"हळू काऊन केली? चालव. इतके वर्षं पाह्यला हाये मी थो."