तीन नंबरच्या टाकीचा काटा

रंगाच्या कारखान्यात तिला सगळे कोबोलमावशी म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा. एकतीस वर्षांपूर्वी तिने कोबोल नावाच्या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या टाकीत कुठला रंग किती वजनाचा घालायचा, हे अजून तोच सांगत होता. तो वाचू शकणारं माणूस आता एकच उरलं होतं. मावशीच्या निवृत्तीला तीन वर्षं होती आणि ती तीन वर्षं तिला मानाने, याच खुर्चीत काढायची होती.

नवी भाषा आली ती तिच्याच घरातून. पायथन शिकून आलेली ठमी ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, कॉलेजपासून मावशीकडेच राहणारी. साहेबांमागे भुणभुण करून तिला इथे चिकटवली तीही मावशीनेच. साहेबांनी दोघींना समोर बसवून शब्द दिला, "ऑर्डरी पायथन घेईल, मिश्रण कोबोल काढेल. दोन्ही शेजारी शेजारी नांदू द्या. मॅडम, तुम्ही आहात तोवर तुमच्या प्रोग्रॅमला कुणी हात लावणार नाही."

मावशी हुरूपाने कामाला लागली. वर्षभर तिने ठमीला ओळ न् ओळ समजावली. ही अट का घातली, तो आकडा कुठून आला, सगळं. फक्त एक गोष्ट तिने पोटात ठेवली. मावशी भोळी असली तरी दुधखुळी नव्हती.

तीन नंबरच्या टाकीचा काटा खोटा होता. दहा किलोला कधी बारा ग्रॅम चुकायचा, कधी वीस. दर सोमवारी खालचा रंगमिस्त्री वजन ठेवून बघायचा आणि फोनवर मावशीला चूक सांगायचा. ती तो आकडा प्रोग्रॅममध्ये घालायची. मागचा आकडा त्यात पुसला जायचा, म्हणून ती एका निळ्या वहीतही टिपून ठेवायची. वही घरी, तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली.

मग साहेब म्हणाले, "नव्याकडूनही मिश्रण काढून बघू. नुसतं तपासायला हो!" गेल्या दोन वर्षांच्या ऑर्डरी नव्या प्रोग्रॅमला द्यायच्या आणि उत्तरं जुन्या छापील उत्तरांशी ताडायची, असं ठरलं. मावशी गालातल्या गालात हसली. तीन नंबरची टाकी रोज चुकणार आणि साहेब धावत आपल्याकडेच येणार, हे तिला दिसतच होतं.

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत निकाल आला. दोन वर्षांत फरक फक्त एका आठवड्यात.

"मॅडम, यात बरोबर कोण?" साहेबांनी विचारलं. "तीन नंबरची टाकी आहे. जुना सतरा ग्रॅम धरतोय, नवा एकाहत्तर."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. त्या आठवड्याच्या सोमवारी वहीत तिने सतराचे एकाहत्तर लिहिले होते. प्रोग्रॅममध्ये बरोबर घातले होते, पण वहीत खोडाखोड नको म्हणून चूक तशीच राहू दिली. आपल्याशिवाय वाचणार कोण? एकाहत्तर हा आकडा जगात त्या एका पानावर होता.

तिने ठमीकडे पाहिलं. ठमी संगणकाच्या पडद्याकडे बघत होती.

"जुना बरोबर आहे," मावशी म्हणाली. "सतराच."

ठमीने आकडा बदलला. फरक शून्य झाला.

"वा!" साहेबांनी फाइलीतून एक कागद काढला. "मग एक तारखेपासून जुनं बंद. तुम्हालाही आता दगदग नको, घरी आराम करा." कागद तीन महिन्यांपूर्वी टाइप केलेला होता. खाली 'मसुदा तयार केला' या शब्दांपुढे ठमीची सही होती.

जिन्यात मावशीने तिला गाठलं.

"वही कधी काढलीस?"

"तुला ताप होता तेव्हा."

ते चार दिवस ठमीने रजा काढून तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या. पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं केलं, असं मावशीने बहिणीला फोन करून सांगितलं होतं. सांगताना रडलीही होती.

"मला विचारायचं तरी होतंस गं."

"तू सांगितलं असतंस, मावशी?"

प्रश्न खरा होता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. माझ्या घरात, माझ्या उशाशी बसून! ती वर आली आणि आपल्या खुर्चीत बसली.

इतक्यात ठमीच्या टेबलावरचा फोन वाजला. ठमी अजून जिन्यातच होती. मावशीने उचलला.

"ठमीताई, मिस्त्री बोलतोय," पलीकडून आवाज आला. "आजची चूक लिहून घ्या. मावशींना नंतर कळवतो, नेहमीसारखं."

मावशीने ठमीच्या टेबलावरचा कागद पुढे ओढला.

"हॅलो? ठमीताई?"

"सांगा," मावशी म्हणाली.

मिस्त्रीने तिला ओळखलं. खालच्या टाक्या घुसळल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"सांगा ना, मिस्त्री. मी देते तिला."

"एकोणीस," तो अगदी हळू म्हणाला.

मावशीने ठमीच्या कागदावर एकोणीस लिहिलं. मग वाकून नीट बघितलं, आकडे उलटे तर पडले नाहीत ना.