बारकी भाकरी

खर्ड्याजवळच्या आमच्या वाडीत बाईचं मन तिच्या भाकरीवरून जोखतात. हा न्याय खुळाच, पण त्याच न्यायानं माझी आई, कडूबाई, अख्ख्या वाडीत पहिली यायची. तिची बाजरीची भाकरी तवा काठोकाठ भरायची. ऊसतोडीला गेलो की सकाळी पाचटाच्या कोपीत, आमच्या खोपटात, तिच्या थापण्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, आता थंडी पळाली. शेजारच्या कोप्यांतली पोरं आमच्याच चुलीपुढं येऊन बसायची. आई कुणाला हाकलायची नाही, अर्ध्या भाकरीतच पोर गार व्हायचं. ते दिवस हालाचे होते, तरी त्यांची मला फार आठवण येते.

पुढं लग्न होऊन मी नगरला सावेडीत आले, शिवणकामाचं दुकान टाकलं. भाऊ कल्याणनं टेम्पो घेतला आणि घराची ऊसतोड सुटली. त्याची बायको पंकजा सोनईची; बोलायला फटकळ, कामाला वाघीण. ती शेतात राबायची आणि सकाळच्या भाकरी आई थापायची. भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज उंबऱ्याबाहेर जात नव्हता.

मग आईची भाकरी लहान व्हायला लागली. पंकजानं आधी दुर्लक्ष केलं. पण एकदा तिच्या माहेरची माणसं आली आणि त्यांच्या ताटात तळहाताएवढ्या भाकरी पडल्या. तिचे वडील पाणी पिऊन उठले. त्या दिवशी तिनं मला फोन केला. आत्या (सासूला ती आत्या म्हणते) हसत नाहीत, बोलल्या तर तोंडातल्या तोंडात, हाक मारली तर नुसत्या बघत राहतात, असा सगळा पाढा वाचला आणि शेवटी म्हणाली, "वन्सं, आत्यांना मी नकोशी झालीय. मी येगळी चूल मांडती."

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या एकाच घरात दोन होणार होत्या. मी तडक वाडीला गेले. आई भांडेल, रडेल असं वाटलं होतं. ती इतकंच म्हणाली की पंकजाला वेगळं होऊ दे, आणि तेही इतक्या बारीक आवाजात की मला पुन्हा विचारावं लागलं.

सकाळी मी तिच्याजवळ चुलीपाशी बसले. पहिले चार हात जोरात पडले. मग हात परातीत नुसता टिचक्या मारल्यासारखा हलू लागला. तव्यातली भाकरी करपली, घरभर वास सुटला, तरी आईला पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. दवाखान्यात का नेलं नाही म्हणून मी कल्याणला फैलावर घेतलं. तो म्हणाला, ताप नाही, हात थरथरत नाही, मग कसलं दुखणं? वय झालं तिचं. मी म्हटलं, ते डॉक्टर ठरवतील. पंकजाही पदर खोचून निघाली. आत्यांना काहीही झालेलं नाही हे तिला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

नगरला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान पण समजुतीच्या. त्यांनी आईला चालायला लावलं. तिचा उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा राहिला, हललाच नाही. अंगठा आणि शेजारचं बोट भराभर उघडायला-मिटायला सांगितलं. चिमटी आधी मोठी उघडली, मग लहान, आणखी लहान, शेवटी बोटं जागच्या जागीच हलली. वास येतो का विचारल्यावर आई म्हणाली, फोडणीचासुद्धा येत नाही, कधीपासूनच.

बाईंनी सांगितलं, हा पार्किन्सन. मेंदूतलं एक रसायन कमी पडतं आणि माणसाची हालचाल मंद होते, लहान होत जाते. चेहरा हलत नाही म्हणून माणूस रुसल्यासारखा दिसतो. आवाज बसतो, वास तर कित्येकदा आधीच जातो. हात थरथरलाच पाहिजे असं काही नाही. आजार मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी आणि हातपाय मोठे-मोठे हलवायच्या व्यायामानं बराच फरक पडतो.

पंकजा खाली मान घालून बसली होती. आईनं विचारलं, "म्हंजी बाई, भाकरी ह्या दुखण्यानं बारकी हुती?"

बाई हो म्हणाल्या.

"थापताना मला मोठीच वाटायची," आई म्हणाली. "तव्यात टाकली की बारकी दिसायची. मला वाटलं, म्हातारपनी माझंच मन बारकं झालं. पोरीला पोटभर घालायचं माझ्या मनातच न्हाई, आन् ते हाताला कळलंय. म्हनून म्हनलं, तिला येगळं होऊ द्या. तिच्या हातची तरी पोटभर खाईल."

डॉक्टरीणबाईंना यातलं किती कळलं कोण जाणे. आम्हा दोघींना सगळं कळलं. आईचा चेहरा तसाच स्थिर होता, आणि त्यावरून पाणी वाहत होतं. माझा जीव कळवळला.

पंकजानं नाक ओढलं, खुर्ची पुढं सरकवली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "ते हात मोठं हलवायचं आधी मला शिकवा. सकाळी आत्यांच्या शेजारी मीच असती."