साडूच्या गाडीचे तुकतुकीत टायर

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आयुष्यात मी जे थोडंफार खरं बोललो त्यातलं हे सगळ्यात खरं, आणि माझं खरं कुणाला पचत नाही हा माझा जुना अनुभव आहे. जेवणं झाली ना सगळ्यांची? झाली असली तर जरा सांभाळून बसा. पोटात गेलेलं पोटातच राहील याची हमी मी देत नाही.

हे समोर पान लागल्यासारखं तोंड करून बसलेत ते माझे साडू. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. जन्मभर बुटांच्या दुकानात विक्रीला होते. अजूनही माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि पाय पसंत पडले तरच तोंडाकडे. त्यांची तत्त्वं दोन. चकाकतं ते नवं, आणि तळ झिजला नाही तो बूट वापरलेलाच नाही. बुटांपुरतं ठीक होतं हो. पण त्यांनी गाडी घेतली.

घेतली ती चालवायला नव्हे, पुसायला. शेडमधून फाटकापर्यंत न्यायची, पुसायची, फाटकातून शेडमध्ये आणायची, पुन्हा पुसायची. आणि टायरांना काय लावायचे? घरात तळण झालं की कढईत उरलेलं काळं तेल! चिंधी बुडवून दर सुट्टीच्या दिवशी चारही चाकांना मालिश.

"चामड्याला तेल पाजतो आपण, मग रबरानं काय घोडं मारलंय?" हे यांचं शास्त्र.

वर्षानुवर्षं हे चाललं. टायर असे चमकायचे की आमची ही त्यात बघून कुंकू नीट करायची.

मग चिंगीला नोकरी लागली. चिंगी म्हणजे यांची लेक, ती बघा, दाराला टेकून हसतेय. डोंगरावरच्या इस्पितळात परिचारिका म्हणून. रस्ता सगळा वळणांचा, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला थेट खाली. सोबत तिचं रांगतं बाळ. साडू म्हणाले, "बसनं कशाला? गाडी ने. टायर अजून कोरे आहेत." मी हयातभर ट्रक हाकलेला, म्हणून चिंगी मला म्हणाली, "काका, तुम्ही एकदा बघून घ्या ना. तुम्ही हो म्हणालात की मी निर्धास्त."

तिथंच मी अडकलो. आता हो म्हणायचं तर बघायला हवं, आणि बघायचं तर त्या शेडमध्ये जायला हवं.

शेडचं दार उघडलं आणि वास असा अंगावर आला की मी आधी "या, बसा" म्हणालो, मला वाटलं कुणी पाहुणाच आलाय. कुबट, खवट, ओलं कुत्रं जळक्या तेलात तळावं तसा. नाकाला रुमाल लावला तर रुमालच म्हणाला, मला घरी जाऊ द्या. खाली वाकून बघितलं. टायरची नक्षी खरंच खोल होती, अगदी काल कारखान्यातून निघाल्यासारखी. पण बाजूच्या गालावर हात फिरवला तर हात चिकटला. ओढला तर तेलाची तार निघाली, लांबलचक, मधासारखी. शी! आणि त्या चिकट थराखाली भेगा. एक नाही, दोन नाही, म्हाताऱ्याच्या टाचा परवडल्या.

एका भेगेत मी बोट घातलं. बोट गेलं, पेर गेलं, मनगट जायला लागलं तेव्हा मी घाबरलो. ओढून काढलं तर नखाखाली काळा लगदा, त्यात माश्यांचे पंख, झुरळाच्या तंगड्या, कसले तरी केस आणि पालीचं एक शेपूट, अजून वळवळणारं. त्या हातानं पुढे कितीतरी दिवस मी जेवलो नाही, ही मला भरवायची.

"काहीतरीच!" ही म्हणाली. "मी कधी भरवलं तुम्हाला?"

मधे बोलू नकोस. तर, दुसऱ्या भेगेत एक उंदीर मांडी घालून बसलेला. लठ्ठ, मिशा तेलानं माखलेल्या. माझ्याकडे बघून त्यानं ढेकर दिला. शेजारची मांजर त्या वासानं आली, टायर एकदा चाटला आणि माझ्या चपलेवर ओकली. मला तेवढ्यावरच कळलं होतं, पण म्हटलं, साडूला पुरावा लागणार. टायरच्या गालावर तो कधी बनला त्याचे आकडे असतात, आठवडा आणि साल. ते त्या लगद्याखाली गाडलेले. बसलो खरवडत.

"कशानं खरवडलंत?" हिनं विचारलं.

काडीनं.

"कसल्या काडीनं?"

काडी ती काडी, तिचं काय बारसं करतात? खरवडलं, आणि साल दिसलं. चिंगीचे दुधाचे दात पडत होते तेव्हाचं! त्या टायरांवर ती आता स्वतःचं लेकरू घेऊन डोंगर चढणार-उतरणार होती.

साडूंना हाताला धरून आणलं, आकडे दाखवले. ते बघतात कुठे, तर माझ्या चपलेकडे. "हे काय सांडलंय?"

"साडूभाऊ, टायर म्हातारे झालेत. रबर आतून कुजलंय. उतारावर गरम झाले की साल निघावी तसे सोलले जातील."

"खोक्यातला बूट कधी म्हातारा होतो का? तळ बघा, तळ!"

"आणि खोक्यात वर्षानुवर्षं राहिलेला बूट घातल्या दिवशी तळ टाकतो, ते? गिऱ्हाइकं तो तळ हातात घेऊन यायची, तुम्हीच सांगायचात."

साडूंनी वाकून टायरवर चिंधी फिरवली. मग म्हणाले, "ते स्वस्तातले बूट. आणि त्यांना मी तेल लावलेलं नव्हतं."

घ्या! चिंगी एकदा माझ्याकडे बघे, एकदा बापाकडे. शेवटी म्हणाली, "काका, बाबांनी किती जपलीय हो गाडी. नाही म्हटलं तर दुखावतील." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. बाळाचं बोचकं मागच्या सीटवर जाऊनसुद्धा पडलं. मी ते उचलून घरात ठेवलं, तर साडूंनी पुन्हा गाडीत टाकलं.

सकाळी सगळे चहाला बसलेले असताना मी सहज म्हणून शेडमध्ये डोकावलो. सहज हं. आणि काय बघतो! तो कालचा लठ्ठ उंदीर पाहुण्यारावळ्यांसकट न्याहारीला बसलेला. इतकी वर्षं खवट तेल पिऊन पिऊन त्यांना रबर म्हणजे तळलेला पदार्थच वाटत होता. लठ्ठ्यानं टायरच्या गालाचा लचका तोडला, आणि फुस्स! त्या हवेच्या झोतात तो उडाला तो थेट समोरच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत. त्याचे व्याही दुसऱ्या टायरला लागले, फुस्स! तिसरा, फुस्स! चौथा टायर तर एका पिल्लानं नुसता हुंगला आणि तो वासानंच बसला. गाडी पोटावर आली. आतून जे काळं पाणी वाहिलं, अरे देवा, गटार बरं! साडू धावत आले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

चिंगी त्या दिवशी बसनं गेली. पुढे गाडीला नवे टायर बसले आणि तेलाची चिंधी मी स्वतः चिमट्यानं उचलून जाळली. उंदरांनीच वाचवलं पोरीला. साडू अजून त्या उंदरांना शिव्या देतात. देतात की नाही, साडूभाऊ? या डोळ्यांनी बघितलंय मी सगळं, एक अक्षर खोटं असेल तर...

"अहो," ही म्हणाली, "उंदरांनी खाल्ले ना टायर? मग चारही टायरांवर एकेकच चीर, तीही सरळ, कशी काय होती? आणि माझी कांदा चिरायची सुरी त्याच सकाळी टोकाशी वाकली कशी? राखेनं घासली, लिंबानं घासली, तरी तिचा तो खवट तेलाचा घाण वास काही गेला नाही. शेवटी फेकून दिली मी. सांगा ना आता भावोजींना, कुठल्या उंदरानं नेली होती ती?"