बर्नीच्या टोकाला

बर्नी पालुखने वरची कवळी काढली, रुमालाने पुसली आणि उजेडाकडे धरून सोनारासारखी न्याहाळायला लागली.

तिच्यापासून तीसेक फुटांवर, बास्केटच्या पलीकडे, पाहुण्या संघाचा एक धिप्पाड गडी फ्रीथ्रो, म्हणजे धक्का लागल्याच्या भरपाईचा मोकळा चेंडू, टाकायला उभा होता. बर्नीच्या मागे शे-दोनशे माणसं लांबडे फुगे हलवत होती, शिट्ट्या मारत होती. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फुगे तर सगळ्याच गावांत हलतात. पण कवळी त्याला दिसली. चेंडू रिंगला लागून बाहेर आला.

बर्नीने कवळी बसवली आणि शेजारी बसलेल्या भावाला विचारलं, "कॅझ, सॉसेज संपवलंस की काय सगळं?"

एकोणीस वर्षं टोलेडो फर्नेस या बास्केटबॉल संघाच्या घरच्या सामन्यांना ही दोघं बहीण-भाऊ याच दोन खुर्च्यांवर बसत होती. बास्केटच्या मागे, दुसरी रांग. बर्नीने सत्तावीस वर्षं शाळेच्या जेवणघरात पोरांच्या ताटात वाढलं होतं, आणि पोर कितीही उंच झालं तरी आतून कितवीत असतं हे तिला बरोबर कळायचं. आरडाओरडा ती कधीच करत नसे. कधी नुसतीच सुईत दोरा ओवत बसायची. कधी खेळाडूच्या बुटाकडे बोट दाखवून हळहळल्यासारखी मान हलवायची; नाडी घट्ट असूनही गडी खाली बघायचाच. आणि तिचं ठेवणीतलं हत्यार म्हणजे ती एक नजर. जेवणाच्या रांगेत पोरगं ताट न घेताच पुढे आलं की ती त्याच्याकडे बघायची ना, तशी. ओरडा नाही, राग नाही. फक्त, 'राजा, काहीतरी विसरलास बघ.' मग तो करोडपती खेळाडू मनातल्या मनात खिसे चाचपायला लागायचा.

हे सगळं आपण उगाच गंमत म्हणून करतो असंच तिला वाटत होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एलियट येईपर्यंत.

एलियट संघाच्या ऑफिसातला पोरगा. पंचविशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पाटीसारखा स्क्रीन. मध्यंतरात तो येऊन तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला आणि म्हणाला की मिस पालुख, आम्ही चार वर्षांचे आकडे काढले. पाहुणे दुसऱ्या टोकाला शंभर फ्रीथ्रो टाकतात तेव्हा अठ्ठ्याहत्तर आत जातात. तुमच्या टोकाला त्रेसष्ट. तुम्ही फ्लूने आजारी होतात त्या दोन आठवड्यांत इथेही सत्याहत्तर.

बर्नीने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग कॅझला ऐकू जावं म्हणून तिसऱ्यांदा. एकोणीस वर्षांत कुणी तिला साधं शाब्बास म्हटलं नव्हतं, आणि इथे दुसऱ्या मजल्यावर बसून कुणीतरी तिचा पराक्रम मोजला होता. क्षणभर तिला वाटलं, आता हा पोरगा खिशातून पदक काढणार.

एलियटने काढली ती तिकिटं. मोसमाचे शेवटचे तीन सामने घरीच होते. त्या तिन्हींसाठी मैदानाच्या मधोमध दोन चामड्याच्या खुर्च्या, पाय पसरायला जागा, कोळंबी आणि बिअर फुकट.

बर्नी गल्लीत वाढलेली बाई. फुकटची कोळंबी कुठून येते हे तिला कळत होतं.

त्या वर्षी फर्नेस संघ एकोणसाठ सामने हरला होता आणि आणखी हरायला हवा होता. जो संघ तळाला, त्याला उन्हाळ्यातल्या सोडतीत नव्या पोरांमधून पहिला मोहरा उचलायची संधी जास्त, हा तिथला नियम. त्या वर्षीचा मोहरा म्हणजे नेब्रास्काचा एक सात फुटी पोरगा. त्याच्यासाठी चार-पाच संघांची तळाला जाण्याची शर्यत लागली होती. मालकांनी चांगले तीन गडी गुडघेदुखीच्या नावाखाली बाकावर बसवले होते. त्यातल्या एकाला कॅझने बाजारात शिडीवर चढताना पाहिलं होतं. मैदानात उतरत होते ते दहा-दहा दिवसांच्या करारावर आणलेले. त्यांना हरा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांचं पोट त्यावर होतं.

"म्हणजे मी जास्तच चांगलं काम करते असं म्हण की," बर्नी म्हणाली.

"असं आम्ही म्हणत नाही," एलियट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग त्याने हळूच पुढचं सांगितलं. पुढच्या वर्षी बास्केटमागच्या या रांगा जाणार, इथे कंपन्यांसाठी काचेची खोली होणार. जुन्या मंडळींची सोय कुठेतरी करावी लागेलच. मधोमध करायची की छताखाली, ते ठरवताना कोण कसं वागलं हे लक्षात घेतलं जाईल.

कॅझने तिकिटं बर्नीच्या आधी हातात घेतली.

पहिले दोन सामने दोघं मधोमध बसली. कोळंबी चांगली होती. खुर्ची इतकी मऊ होती की बर्नीला दोनदा डुलकी लागली. आजूबाजूचे लोक फोनमध्ये बघत होते. पहिला सामना टोलेडो तीन गुणांनी हरलं, दुसरा एकाने. त्या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटात पाहुण्यांनी तिच्या टोकाला ओळीने चार फ्रीथ्रो टाकले आणि चारही आत गेले. बर्नीला इथून आपली खुर्ची दिसत होती. रिकामी. शेजारच्यांनी फुगेसुद्धा आणले नव्हते. चौथा चेंडू आत गेला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कॅझनेही वाजवल्या.

शेवटचा सामना रविवारी दुपारी, ओमाहाशी. हरलं तर टोलेडो खालून तिसरं, जिंकलं तर पाचवं. सकाळी चर्चहून आल्यावर कॅझ कांदा परतत होता, तेव्हा बर्नीने सांगून टाकलं की मी आज आपल्या जागेवर बसणार आहे. तिथे आजपर्यंतची तिकिटं आपलीच आहेत.

कॅझ चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो चिडला नाही, समजावायला लागला.

"भट्टी जुनी झाली की काय करतात, बर्नी? विझवतात. सगळी काच काढून टाकतात, थंड होऊ देतात, मग विटा बदलतात. पेटत्या भट्टीत कुणी वीट बसवत नाही."

"विझवा की. पण मग दाराशी तिकीट लावून लोकांना शेकायला बोलावू नका."

"मला एकदा चांगला संघ बघायचाय. एकदाच. मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

बर्नीने फ्रिजकडे पाहिलं. कॅझच्या फ्रिजवर त्या सात फुटी पोराचा फोटो होता, पेपरातून कापलेला. एके काळी तिथे त्याच्या बायकोचा असायचा.

"जिंकलं तर किती नुकसान होतं तुझं?" तिने विचारलं.

कॅझने ते पाठ केलं होतं. तिसरं आलं तर पहिला मोहरा मिळायची शक्यता शंभरात चौदा. पाचवं आलं तर साडेदहा.

"साडेतीन टक्के," बर्नी म्हणाली. "साडेतीन टक्क्यांसाठी मी डोळे मिटून बसू?"

"आणि पुढच्या वर्षीच्या खुर्च्या? छताखाली चढून जायला माझे गुडघे खरोखर दुखतात, बरं का. त्यांच्यासारखे नाहीत."

ती हसली. तो हसला नाही. दोघं एकाच गाडीतून गेली आणि आत शिरल्यावर दोन दिशांना वळली.

दुपारभर बर्नीने फार काही केलं नाही. उत्तरार्धात ओमाहाची पोरं तिच्या बाजूच्या बास्केटवर टाकायला लागली, तेव्हा एकदा सुई-दोरा काढला, एकदा बुटाकडे बोट दाखवलं. शेजारचा फिल, पाइपलाइन दुरुस्त करणारा, बारा वर्षांचा शेजारी, तिला म्हणाला की बर्नी, आज राहू दे. ती म्हणाली, बघते. आणि दहा दिवसांच्या करारावरची ती टोलेडोची पोरं अशी खेळत होती की जणू अकरावा दिवस यायचाच नाही. चार सेकंद उरले आणि टोलेडो एका गुणाने पुढे.

तेवढ्यात शिट्टी वाजली. ओमाहाच्या पोराला धक्का लागला होता. दोन फ्रीथ्रो. दोन्ही आत गेले की टोलेडो हरलं, आणि चौदा हजार माणसांच्या मनासारखं झालं.

पोराचं नाव आयझाया व्हिटलो. वीस वर्षांचा, पहिलाच मोसम, मानेवर घाम. तो रेषेवर आला आणि सगळं सभागृह गप्प झालं. त्याला मदत म्हणून. बास्केटमागच्या रांगांतली माणसं खाली बसली, कुणी टोपी काढून मांडीवर ठेवली. चर्चमध्येही एवढी शांतता नसते. तिथे निदान कुणी खोकतं.

उभी राहिली होती ती एकटी बर्नी.

तिला काहीच करावं लागलं नाही. फुग्यांच्या गर्दीत जे कमवायला तिला एकोणीस वर्षं लागली, ते आज या लोकांनीच तिला ताटात वाढून दिलं होतं. त्या पोराला बास्केटच्या मागे दुसरं काही दिसतच नव्हतं. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. राजा, काहीतरी विसरलास बघ.

पहिला चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून उडाला. आता दुसरा आत गेला तरच बरोबरी, जादा वेळ आणि हरायची आणखी एक संधी.

शेजारून फिल म्हणाला, "बर्नी, खाली बस." तो रागाने नव्हता म्हणाला, विनवून म्हणाला. आणखी दोघा-तिघांनी तेच म्हटलं, जरा कमी विनवून. बर्नीने मधोमधच्या खुर्च्यांकडे पाहिलं. कॅझ उभा होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो तिला खुणा करत होता, नको, नको, इतका की शेजारच्या माणसाची बिअर सांडली. बर्नीच्या मनात आलं, एकोणीस वर्षांत हा आज पहिल्यांदा कुणाचं तरी लक्ष उडवायला उठला, आणि तेही माझं.

ती बसू शकली असती. गुडघे वाकवायचे, बस.

व्हिटलोने चेंडू तीनदा आपटला आणि वर बघितलं. तिने पुन्हा पाहिलं, तसंच, काही कमी न करता.

चेंडू रिंगभोवती एक फेरा मारून बाहेर पडला. टोलेडोच्या एका दहा दिवसवाल्याने तो छातीशी धरला आणि वेळ संपली.

घरचा संघ जिंकल्यावर एवढी शांतता बर्नीने कधी ऐकली नव्हती. मैदानात नऊ-दहा पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती आणि त्यांच्या बुटांचा आवाज छतापर्यंत ऐकू येत होता. मग वरून कुणीतरी हुर्यो उडवली. ती पोरांसाठी की बर्नीसाठी ते कळलं नाही. फिल तिच्या अंगावरून न बघता निघून गेला. जिन्यावर एलियट दिसला. त्याने स्क्रीनवर काहीतरी टिपलं, तिच्याकडे पाहून मान किंचित झुकवली आणि दारातून नाहीसा झाला.

कॅझ आला, कठड्याशी थांबला.

"साडेतीन टक्के," तो म्हणाला. "मी गाडीत बसतो."

बर्नी बसून राहिली. छताखाली, तर छताखाली. जिना चढताना कॅझ दर पायरीला काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. तो वर येणार की नाही, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात सभागृह रिकामं झालं. संध्याकाळी तिथे सर्कसचं सामान येणार होतं, म्हणून कामगार बास्केटमागच्या फळ्या मिटायला लागले. या रांगा घड्यांच्या असतात; वरून एकेक आत सरकत जाते.

तेव्हा व्हिटलो परत आला. अंगावर प्रवासाचे कपडे, पायात बूट तेच. काखेत चेंडू. बाहेर त्याची बस उभी होती. तो रेषेवर गेला, टाकला, आत. पुन्हा टाकला, आत. असे सहा झाल्यावर त्याला ती दिसली.

तो बास्केटखाली आला. जवळून तो आणखीच लहान दिसत होता.

"मॅडम, मी काय विसरलो होतो?"

"काही नाही रे," बर्नी म्हणाली. "काहीसुद्धा विसरला नव्हतास."

त्याने यावर विचार केला. मग म्हणाला, "पुन्हा करता का?"

बर्नी उठून उभी राहिली. तो रेषेवर गेला, चेंडू तीनदा आपटला, वर बघितलं. पोराची आई कुठेतरी टीव्हीसमोर रडली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तरी तिने त्याच्याकडे तसंच पाहिलं, पूर्ण. चेंडू बाहेर. तो धावत जाऊन घेऊन आला. पुन्हा बाहेर. तिसरा रिंगवर जरा रेंगाळला आणि बाहेर पडला. पोराने शर्टाला हात पुसले. मग उन्हाळाभर इथेच थांबायचं असल्यासारखा रेषेवर नीट उभा राहिला.

कामगारांनी वरच्या सगळ्या रांगा मिटत आणल्या होत्या. दुसऱ्या रांगेपाशी येऊन ते थांबले. त्यातल्या म्हाताऱ्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि फळीला टेकला.

बर्नीने चष्मा नाकावर खाली ओढला.

चौथा चेंडू हातातून सुटला.